डिस्चार्ज कार्डावर गुठळीचाही उल्लेख हवा

संपादक महोदय,

शस्त्रक्रिया होऊन रुग्ण घरी निघाला की त्याच्या हातात जे डिस्चार्ज कार्ड पडते, त्यावर टाके कधी काढायचे, जखम किती दिवस कोरडी ठेवायची, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती जेवणानंतर घ्यायची, हे व्यवस्थित लिहिलेले असते. पायातील खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि हा धोका घरी गेल्यावरही कित्येक आठवडे राहतो, याविषयी मात्र पुष्कळदा त्यावर चकार शब्द नसतो.

ब्रिटनमधील ‘मिलियन विमेन स्टडी’तील सुमारे साडेनऊ लाख मध्यमवयीन स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात राहून शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रियांना पहिल्या सहा आठवड्यांत शिरेतील गुठळीसाठी दाखल व्हावे लागण्याची शक्यता, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे ७० पट आढळली, आणि धोका सर्वाधिक होता तो तिसऱ्या आठवड्यात. सातव्या ते बाराव्या आठवड्यातही तो बराच वाढलेलाच होता. हे आकडे त्या वयोगटातील स्त्रियांचे आहेत, सरसकट सर्वांना लावता येणार नाहीत. तरी तिसऱ्या आठवड्यात बहुतेक रुग्ण घरीच असतात, हे विसरून कसे चालेल?

धोका इतका का रेंगाळतो, याचे एक कारण गुठळीच्या घडणीत आहे. शस्त्रक्रिया, न्यूमोनिया किंवा कोणताही मोठा दाह झाला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करू लागते. गुठळी होताना त्याचे फायब्रिनचे तंतू बनतात आणि त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकतात. फायब्रिनोजेन जास्त असेल तर हे जाळे दाट विणले जाते, त्याची छिद्रे बारीक होतात आणि गुठळी विरघळवणाऱ्या प्लाझ्मिनला आत शिरायला वेळ लागतो. त्यावर रक्तातील ‘तेरावा घटक’ तंतूंना तंतू सांधून जाळे आणखी चिवट करतो. दाह ओसरायला वेळ लागतो; डिस्चार्जची तारीख गाठून तो थांबत नाही.

त्यात हालचाल मंदावलेली असते. पोटरीचे स्नायू आखडले-सैलावले नाहीत, तर शिरेतील झडपांमागच्या खिशांत रक्त साचून राहते आणि गुठळीची सुरुवात बहुधा तिथेच होते. रुग्णालयात निदान कोणीतरी उठवून चालवते. घरी मायेपोटी रुग्णाला पाणीसुद्धा अंथरुणातच दिले जाते.

घरी जाणाऱ्या प्रत्येकाला रक्त पातळ करणारे औषध द्या, असे माझे म्हणणे नाही. खुब्याचा सांधा बदलल्यावर ते साधारण ३५ दिवसांपर्यंत, तर कर्करोगासाठी पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाल्यावर सुमारे चार आठवडे देण्याची पद्धत आहे. इतर आजारांसाठी दाखल झालेल्यांत मात्र या औषधाने होणारा रक्तस्रावही तोलावा लागतो आणि तो निर्णय डॉक्टरांचाच. पण ज्यांना औषध दिले आहे त्यांनी बरे वाटते म्हणून ते मध्येच सोडू नये, एवढे तरी कार्डावर ठळक असावे.

माझी मागणी साधी आहे. धोका कोणत्या तारखेपर्यंत जास्त आहे आणि एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणे सुरू झाल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे कार्डावर लिहावे. दोन्ही पोटऱ्या गुडघ्याखालील हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली टेपने मोजल्या आणि ३ सेंटीमीटरहून अधिक फरक निघाला, तर डॉपलर सोनोग्राफीला विलंब नको. तेल लावून पाय चोळणे तर मुळीच नको. फरक कमी भरला म्हणून निर्धास्तही राहू नये. अचानक दम लागला, श्वास घेताना छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते. अशा वेळी फोनाफोनीत वेळ न घालवता तातडीच्या विभागातच जावे. गुठळी विरघळताना सुटणारे तुकडे रक्तात मोजणाऱ्या नुसत्या डी-डायमर चाचणीवर विसंबणेही बरे नाही, कारण शस्त्रक्रियेनंतर तो आकडा गुठळीवाचूनही वाढलेला असतो.

हा मजकूर रुग्णाला व सोबतच्या नातेवाइकाला डॉक्टरांनी वाचून दाखवायचा की परिचारिकेने, हे प्रत्येक रुग्णालयाने ठरवावे आणि वाचून दाखवल्याची सही कार्डावरच घ्यावी.

आपला,
एक वाचक