चूक दाखवा, पण पेपर संपल्यावर

संगणकावरील परीक्षेत प्रत्येक उत्तरानंतर लगेच ‘बरोबर’ की ‘चूक’ दाखवावे, असे सुचवणारा लेख आपल्या रविवारच्या अंकात वाचला. घरच्या सरावाला ते ठीक. गुण मोजायच्या परीक्षेत मात्र नको. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांविषयीच्या ६०७ तुलना एकत्र तपासल्या. सरासरीने फायदा दिसला खरा, पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा कामगिरी उलट खालावली होती. लक्ष कामावरून हटून स्वतःकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असे त्यांचे म्हणणे.

येथे इंदूरच्या भंवरकुआं भागातील एका क्लासमध्ये सराव चाचणी देताना माझी नात तिसऱ्याच प्रश्नाला लाल फुली पाहून बिचकली. पुढची, हातखंडा असलेली त्रैराशिकेही ती दोन-दोनदा तपासत बसली आणि वेळ संपला. (हिरवी खूण पाहून घाई करणारेही असतातच.) मग आपण मोजले काय, गणित की धीर? पेपर जमा झाल्यावर प्रत्येक चुकीचे कारण जरूर द्यावे, तेही नुसत्या फुलीने नव्हे, रीत दाखवून.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, राजेंद्रनगर, इंदूर