पक्षी सप्ताहात रंगावर विसंबू नका

संपादक महोदय,

५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा हा आठवडा. या निमित्ताने मुले दुर्बीण घेऊन तळ्याकाठी जातात, याचा मनापासून आनंद वाटतो. अडचण एवढीच, की पुस्तकांतली चित्रे बहुधा विणीच्या रंगातली असतात आणि नोव्हेंबरात कित्येक पक्ष्यांनी तो रंग उतरवलेला असतो. कोकीळ, पावशा यांचे आवाजही या दिवसांत फारसे कानी येत नाहीत. मग हाताशी लागेल ते नाव लिहिले जाते, आणि छायाचित्राखाली तेच छापूनही येते.

बगळ्यांचेच पाहा. गायबगळ्याच्या डोक्यामानेवरचा केशरी रंग आता गेलेला असतो. तो पांढराशुभ्र दिसतो. त्याला ‘छोटा बगळा’ या दुसऱ्या जातीपासून वेगळे काढायचे तर चोच पाहावी. गायबगळ्याची पिवळी आणि आखूड, छोट्या बगळ्याची काळी, सुरीसारखी. छोट्या बगळ्याचे पाय काळे, पण बोटे पिवळीधमक. पाय पाण्यात बुडालेले असले तर ही खूण दिसत नाही. अशा वेळी तो उडेपर्यंत थांबावे. उडताना पाय शेपटीमागे लांब राहतात आणि बोटे स्पष्ट दिसतात. मध्यम बगळ्याची चोचही हिवाळ्यात पिवळीच, पण टोकाशी काळपट, आणि मान बरीच लांब. नुसत्या जागेवरून मात्र नाव ठरवू नये. गायबगळा गुरांच्या पायांशी असतो तसा तळ्याच्या कडेलाही असतो.

फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या जांभळ्या शिंजिराचा नरही आता ओळखू येत नाही. त्याचे पोट मादीसारखे पिवळे होते. गळ्यापासून पोटापर्यंत उतरलेला गडद पट्टा तेवढा उरतो. आणि कृपया त्याला हमिंगबर्ड म्हणू नये. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. शिंजीर क्वचित तरंगतो, एरवी देठावर बसूनच मध पितो.

दयाळ आणि चिरक यांचे रंग बदलत नाहीत, तरी गफलत होतेच. दयाळाचे पोट आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या. चिरकाचा नर पोटाशीही काळा. खांद्यावर पांढरा डाग, आणि उभारलेल्या शेपटीखाली तांबूस रंग. दयाळ बागेत, तर चिरक खडकाळ माळावर जास्त दिसतो. गप्प बसलेला पावशा हुबेहूब शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, वाटतो. शिक्र्याची चोच आकडीसारखी वळलेली आणि नख्या दणकट, पावशाची चोच साधी आणि पाय नाजूक.

वहीत आधी आकार लिहावा : चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा. मग चोच, पाय, शेपटी, चाल. रंग सगळ्यात शेवटी. पुस्तक त्यानंतरच उघडावे, नाहीतर चित्रात असते तेच डोळ्यांना दिसू लागते. फोटो बाजूने काढावा, पाय आणि शेपटी कापू नये.

आपणांस एक विनंती. वाचकांच्या पक्षिचित्राखाली नावासोबत गाव, तारीख आणि पक्षी काय करत होता हे एका ओळीत छापावे. नाव चुकले तरी जाणकार वाचकाला त्यावरून ते दुरुस्त करून कळवता येईल.

– एक पक्षिनिरीक्षक, पुणे