कपाटाचा आतला आराखडा आधी कागदावर हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गृहसजावटीच्या पुरवण्यांमध्ये कपाटांची छायाचित्रे छापली जातात, पण ती बहुधा बंद दारांची असतात. सनमायकाचा रंग, मुठी, आरसा हे सारे त्यांत दिसते. आत खण किती, दांडी किती उंचीवर, हे कळत नाही. सुतारकामाचा दरही पुष्कळदा दर्शनी भागाच्या चौरस फुटांवर ठरत असल्यामुळे आतल्या रचनेचे बोलणे काम सुरू झाल्यावर, घाईघाईत उरकले जाते. प्लायवूड आणण्यापूर्वी घरातल्यांनीच हा आराखडा प्रमाणात काढावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

त्यासाठी मुलांचा आलेखकागद पुरतो. 1 सेंटिमीटर म्हणजे 4 इंच असे प्रमाण धरले, तर सात फुटी कपाट 21 सेंटिमीटरमध्ये मावते. भिंतीचे माप खाली, मध्ये आणि वर असे तीन ठिकाणी घ्यावे व त्यांतले सर्वांत कमी माप धरावे, कारण आपल्या इमारतींच्या भिंती क्वचितच ओळंब्यात असतात.

फळ्यांची जाडी हिशेबात घेतली नाही, तर खरी फसगत होते. सात फूट म्हणजे 84 इंच. फरशी पुसताना पाणी लागू नये म्हणून खाली 4 इंचांचा पाया सोडला आणि 18 मिलिमीटरच्या तीन आडव्या फळ्यांचे सुमारे 2 इंच वजा केले, की हातात 78 इंच उरतात. हँगरवरच्या शर्टाला साधारण 40 इंच लागतात, म्हणजे शर्टांच्या दोन रांगा एकाखाली एक बसत नाहीत. मात्र वर शर्ट आणि खाली घडी घालून टांगलेल्या पँटींना 30 इंच दिले, तर 8 इंचांचा एक ड्रॉवरही निघतो. हे सारे कागदावर पाच मिनिटांत दिसते, फळ्या कापून झाल्यावर मात्र त्याचा उपयोग नसतो. ड्रॉवर दाराच्या आत येणार असेल, तर उघडलेल्या दाराला आणि बिजागऱ्यांना तो अडणार नाही एवढी जागा बाजूला सोडलेली आहे का, हेही चित्रातच तपासावे.

कपाटाच्या खोलीचा प्रश्न लहान घरांत विशेष बिकट होतो. हँगर आडवे टांगायचे तर आतून 22 इंच तरी लागतात; जागा वाचवण्यासाठी कपाट 18 इंचांचे केले, तर हँगर तिरके राहतात आणि दार नीट लागत नाही. अशा वेळी पुढे ओढायची दांडी लावावी, किंवा टांगण्याचा विचार सोडून सगळे खणच करावेत. सरकती दारे पलंगाजवळ सोयीची खरी, पण त्यांच्या रुळांसाठी कपाटाच्या खोलीतले काही इंच जातात आणि एका वेळी कपाटाचा अर्धाच भाग उघडतो.

मोजणी कपड्यांपासून सुरू व्हावी, भिंतीपासून नव्हे. सहावारी साडीचा पन्हा साधारण 45 ते 48 इंच असतो. घडी आपण कशी घालतो त्यावर खणाची रुंदी ठरते. पैठणी मलमलीत गुंडाळून आडवी ठेवायची आणि जरीवर कायमची चुणी पडू नये म्हणून अधूनमधून घडी बदलायची, तर तिचा खण हाताच्या उंचीवर हवा, माळ्यावर नव्हे. घरातल्या वृद्धांचे रोजचे कपडे कंबर ते खांदा या पट्ट्यातच असावेत. आराखडा काढताना त्यांना शेजारी बसवून विचारले पाहिजे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून कपाटाची पाठ भिंतीला न चिकटवता मागे थोडी मोकळी जागा ठेवावी आणि तीही आराखड्यात दाखवावी.

आपल्या पुरवणीत यापुढे कपाटाच्या छायाचित्राशेजारी त्याचा आतला मापांसहित आराखडा छापावा, अशी माझी विनंती आहे. तो कापून ठेवून सुतारापुढे धरता येईल, आणि त्याच्याशी बोलताना रंगाइतकेच खणांबद्दलही बोलले जाईल.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे