सूचना : २५ डिसेंबरचं ऑनलाइन वाचन-संमेलन, रात्री ८.३० वाजता

मंडळातल्या सर्व ताई, दादा, काका-काकूंना नमस्कार.

कापूस वेचणी सुरू आहे, गव्हाला रात्रीचं पाणी द्यावं लागतं, त्यामुळे एका गावात जमणं यंदा कठीण दिसतं. म्हणून नाताळच्या सुटीला मोबाइलवरच भेटू. लिंक त्या दिवशी सकाळी टाकू. मोफत बैठक तासाभरानं बंद पडते. तशी पडली तर त्याच लिंकवर पुन्हा या.

प्रत्येकानं या वर्षात वाचलेल्या, मनात राहिलेल्या पुस्तकाचं एकच पान वाचायचं.

आणि हातात सणाचा पेला हवाच! आपला गडचिरोली जिल्हा १९९३ पासून दारूबंदीत आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. तेव्हा कॉकटेल आपल्या पद्धतीचं: आंबिया बहाराची (म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला तोडणीला येणारी) संत्री, आल्याचा रस, काळं मीठ, थोडा गूळ. संत्र्याचा रस मात्र ऐनवेळीच काढा, ठेवला की कडवट होतो. बिया आणि पांढऱ्या शिरा आधीच काढून टाका. ज्यांच्याकडे वाळवलेली मोहफुलं असतील त्यांनी ती धुऊन, उकळून, गाळून गोड अर्क करावा आणि त्यात लिंबू पिळावं. माझ्या मते संत्र्यापेक्षा हेच सरस. कोणी नवं काही केलं तर कृती सगळ्यांना सांगा.

लाइटचा भरवसा नाही, फोन दुपारीच चार्ज करून ठेवा. शेजारच्या शाळकरी मुलांनाही सोबत बसवा, त्यांचं वाचन आधी घेऊ. येणाऱ्यांनी २३ तारखेपर्यंत नाव आणि पुस्तक कळवावं.

— संयोजक