भरतीची वेळ कोण सांगणार?

संपादक साहेब,

कालच्या पुरवणीत ठाणे ते गुहागर समुद्रकाठानं गाडीनं कसं जायचं त्याचं अख्खं पान छापलंत, फोटो छानच आहेत. पण मॅपवर जी सलग निळी रेघ काढलीय ती तीन ठिकाणी पाण्यावरून जाते हे कोण सांगणार? आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तिन्ही खाड्यांवर गाडी फेरीबोटीत चढवावी लागते आणि सुट्टीत तिथे मरणाची लाइन असते. त्यावर एक ओळ नाही.

आणि हरिहरेश्वरला "दर्शन झालं की प्रदक्षिणा करा" म्हणे. कधी करा? ती वाट डोंगरामागून समुद्राच्या खडकांवरून जाते, भरतीला बंद होते, जिवाशी खेळ आहे तो. आम्ही २०२३ च्या नाताळच्या सुट्टीत असंच कुठेतरी वाचून निघालो होतो, दत्तजयंती होती, २६ डिसेंबर. बाबा ७८ वर्षांचे, त्यांना एकदा ती प्रदक्षिणा करायचीच होती. नौपाड्यातून पहाटे निघून थांबत थांबत पोचलो बाराच्या सुमारास, तर लाटा खडकांवर आपटतायत आणि खाली उतरूच नका म्हणून लोक ओरडतायत. पौर्णिमेला त्या वेळी भरती असणारच की! माझी आजी श्रीवर्धनची, ती सांगायची तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे पौर्णिमा पंधरावी तिथी, तिचे पंधराचे सव्वाअकरा. लहानपणापासून पाठ असून त्या दिवशी मला आठवलं नाही, याचं अजून वाईट वाटतं. ओहोटीला थांबायचं तर संध्याकाळ झाली असती म्हणून तसेच बागमांडल्याला गेलो, तिथे लाइनीत अडीच तास, बाबांची जेवणाची वेळ टळली, शुगर उतरून घाम फुटला, पुढच्या गाडीतल्या ताईंनी चिक्की दिली म्हणून निभावलं. आता त्यांच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या झेपत नाहीत, प्रदक्षिणा राहिली ती राहिलीच.

पंचांगातली तिथी तर तुमच्या पेपरात रोज छापता, तिच्याच शेजारी भरती-ओहोटीच्या वेळा द्या ना.

अजून एक. त्याच पानावर भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी काजवे बघायला "रात्री गाडीतूनच फेरी मारा" असं लिहिलंय. अहो, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीचे ते थोडेच दिवस काजवे चमकून जोडीदार शोधतात, हेडलाइटच्या उजेडात त्यांना एकमेकांचं चमकणं दिसत नाही. गाडी लांब लावून लाइट बंद करून चालत जा, असं पुढच्या रविवारी त्याच जागी छापा.

– एक वाचक, नौपाडा, ठाणे