आवाहन : फोटोतल्या जवानांची नावं लावायची आहेत

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी, आजी-माजी सैनिक आणि मुंबई-पुणेकर मंडळी यांना सप्रेम नमस्कार.

वाचनालयातली पोस्टकार्डांची पेटी आपल्याला नवी नाही. १९१४च्या महायुद्धात बसऱ्याकडे (आजच्या इराकात) निघालेल्या आपल्या पोरांनी छावणीतल्या स्टुडिओत फोटो काढून घरी धाडले. पुढे फोटो, मागे पोस्टकार्ड. ही पेटी भरली ती हेडमास्तर गुरुजींनी. रिटायर झाल्यावर सायकलवरून वाड्यावस्त्या पालथ्या घातल्या. कुणाच्या देव्हाऱ्यातून, कुणाच्या ट्रंकेच्या तळातून एकेक कार्ड मागून आणलं. वरच्या आळीच्या आक्कांनी सासऱ्यांची कार्डं ‘परत द्यायची’ या बोलीवर दिली आणि पुढं आपणच म्हणाल्या, राहू द्या, इथंच नीट राहतील. सुभेदारसाहेबांनी पेन्शनीतून लोखंडी कपाट घेऊन दिलं (किल्ली अजून त्यांच्याच घरी असते, पण ते असो). मुंबईकर मंडळाने गावकीच्या खोलीत वर्गणी काढून स्कॅनर पाठवला. या सर्वांचे ऋण फिटणारे नाहीत.

आता मुद्द्याचं. चाळीसेक कार्डांपैकी जेमतेम नऊ जणांची नावं लागली आहेत. चावडीच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर गावातून किती गेले नि किती पडले एवढा आकडा आहे, नाव एकाचंही नाही. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच: गोऱ्यांची नावं, आपल्या साध्या शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. साताऱ्याकडच्या अपशिंगे मिलिटरी या सैनिकांच्या गावाचं नाव देशभर घेतात, घ्यावंच. आपल्या पोरांना निदान आपण तरी ओळखायला नको का?

नाव लावता येतं. खांद्यावरच्या पितळी बिल्ल्यावर १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ यांपैकी आकडा असेल तर फोटो १९२२च्या आधीचा, कारण त्या साली या पलटणी मिळून पाचवी मराठा झाली. दंडावर दोन फिती असल्या तर नाईक, तीन असल्या तर हवालदार. एक कार्ड मुद्दाम सांगतो. जवान खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे, मागे रंगवलेले खांब, खांद्यावर ११०. कपाळाला हळदीकुंकवाचं बोट लागून लागून भुवयांच्या वरचा भाग पार पुसला गेलाय. मागे मोडीत दोन ओळी, त्यातलं ‘मातोश्रीस’ एवढंच आम्हाला लागतं. ११० नंबर पलटण इराकातल्या कूटच्या वेढ्यात होती, २९ एप्रिल १९१६ला तिथली सगळी फौज तुर्कांच्या कैदेत गेली. हा परत आला का? कुणाच्या तरी घरात हे ठाऊक असणार. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत पडलेल्यांची नावं आहेत, पुष्कळ ठिकाणी बापाचं नाव नि गावही आहे. पण चेहरा जुळवून देणारी माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत.

गेल्या वर्षी ग्रुपवर हेच लिहिलं होतं. अंगठे भरपूर आले, माणसं तीन आली. यात्रेच्या ऑर्केस्ट्राला नि बैलगाडा शर्यतीला एका संध्याकाळी पावतीपुस्तक संपतं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण आपल्याच गावातली काही कार्डं मुंबईच्या जुन्या सामानवाल्याकडे गेली आणि ‘मराठा सोल्जर’ म्हणून विकली गेली, हे ऐकून वाईट वाटलं.

काय हवं : घरातले जुने फोटो (मूळ ठेवून घेणार नाही, तुमच्यासमोर स्कॅन करून लगेच परत, फ्रेमला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच आणा, लॅमिनेशन कृपा करून नको, मोबाईलवर पाठवणाऱ्यांनी मागची बाजूही पाठवावी). आजोबा-पणजोबांचं मेडल असल्यास त्याची कड पाहा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथं कोरलेली असते. चांदीचं म्हणून सोनाराकडे मोडलं असेल तर तसंही सांगा, नाव तरी कळेल. मोडी वाचणारे कुणी असतील तर त्यांना मानधन देऊ. बेळगावची (मराठा पलटणीच्या केंद्राची) खेप, आम्लमुक्त पाकिटं, मोडीचं मानधन, यात्रेत लावायचे फलक असा खर्च ६५ हजार. जमा १८ हजार. देणगी वाचनालयाच्या नेहमीच्या खात्यावर किंवा ऑफिसात रोख, पावती घ्यावीच. दर रविवारी १० ते १, यात्रेच्या आदल्या रविवारपर्यंत. वयस्कर मंडळींना जिना चढवत नसेल तर निरोप द्या, पेटी घेऊन आम्ही घरी येऊ.

आपला,
कार्यवाह

ता. क. : सुभेदारसाहेब, रविवारी किल्ली तेवढी पाठवून द्यावी.