देवळापासून ७५ मीटर, हापशापासून किती?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

देवळाजवळचा बार हलवल्याची बातमी आपण काल पहिल्या पानावर छापलीत आणि 'पावित्र्य राखले' असा मथळा दिलात. बार हलला याचा मलाही आनंद आहे. पण तो हलवून नेला कुठे, हे बातमीत नाही. कुणाच्या तरी दाराशीच गेला असणार.

आमच्या गावातल्या परमिट रूमसमोर दोन वर्षांपूर्वी असाच टेप लागला होता. बारच्या दारापासून मरीआईच्या देवळापर्यंत, माणसं रोज चालतात त्या वाटेनं. टेपाचं एक टोक मीच धरलं होतं. देवळापासून बार निदान ७५ मीटर हवा; अंतर भरलं ५२ मीटर. बायकांनी लगेच मरीआईला हळदकुंकू वाहिलं. तेवढ्यात मोजणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "देवस्थानचा ट्रस्ट रजिस्टर आहे का?" नव्हता. बायकांनी भिशीच्या पैशातून बांधलेलं देऊळ ते, त्याचा ट्रस्ट कोण करतो? पण नियमात देऊळ म्हणजे नोंदणी असलेल्या ट्रस्टचं देऊळ. मशीद, चर्च, अग्यारी, सगळ्यांना तीच अट. साहेबांनी टेप गुंडाळला, चहा घेतला आणि गेले.

मला राग याचा येतो की, आम्हाला देवाच्या नावानं भांडावं लागलं. बारच्या दारापासून दहा पावलांवर गावाचा हापसा आहे. माझ्या वर्गातली आठवीतली एक मुलगी संध्याकाळी भरला हंडा घेऊन ओढ्याच्या बांधावरून फेऱ्यानं घरी जाते, कारण सरळ वाट बारसमोरून आहे. पावसात बांधावरून घसरून तिचा हात मोडला. हापशापासून किती मीटर, हे कुठल्याच नियमात नाही.

मग आम्ही आडव्या बाटलीसाठी, म्हणजे बार बंद करायच्या मतदानासाठी, सह्या गोळा केल्या. मतदान झालं. उभ्या बाटलीला, म्हणजे बार राहू द्या म्हणणारी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं पडली, तरी आम्ही हरलो. कारण आलेल्या मतांत बहुमत असून चालत नाही. यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीला हव्यात. आमच्या निम्म्या बायका तेव्हा कोयते घेऊन कारखान्यांवर गेलेल्या. त्यांचं न आलेलं मत बारच्याच बाजूनं धरल्यासारखं झालं. आमदारकीला असा नियम लावून बघा, किती जण निवडून येतात!

वर्ध्यात दारूबंदी आहे, कारण तिथे सेवाग्राम आहे. गडचिरोलीत १९९३ पासून आहे. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी गेल्या, तेव्हा कुठे २०१५ मध्ये बंदी मिळाली आणि २०२१ मध्ये सरकारनं ती उठवली. बंदीच्या जिल्ह्यांतही चोरून दारू मिळते, हे मला ठाऊक आहे. पण तिथल्या बाईला निदान तक्रार करताना कायदा आपल्या बाजूला आहे एवढं तरी म्हणता येतं. आम्ही तक्रार केली की लायसन दाखवतात.

आषाढीला ड्राय डे असतो. दशमीच्या संध्याकाळी आमच्या बारसमोर जी गर्दी होते, ती बघायला आपला वार्ताहर एकदा पाठवा. विठोबाचा मान राखलाच पाहिजे, मी स्वतः दोनदा वारी केली आहे. उरलेल्या दिवसांत आमचा मान कोण राखणार?

मरीआईच्या ट्रस्टचे कागद आम्ही आता करायला घेतले आहेत. नोंदणी होऊन बार हललाच, तर तो २३ मीटर पुढे सरकेल. तिथे त्याच मुलीचं घर आहे.

आपली नियमित वाचक,
एक शिक्षिका, ता. पाथर्डी

ता. क. : पावित्र्याच्या त्या बातमीच्या मागच्याच पानावर एका दारूच्या ब्रँडच्या नावानं सोड्याची अर्धं पान जाहिरात आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना तो सोडा नव्हे, हे बरोबर कळतं. ती छापणं कृपया बंद करा.